आमच्या साडूंचा तिसरा डबा

आमच्या साडूंइतका चोखंदळ माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो अजून दुकानाच्या पायरीवर उभा असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. ढोकीला साखर कारखान्यात वायरमन होते आणि जगातली प्रत्येक वस्तू कानाने पारखून घेत. तेरच्या बाजारात माठ घ्यायला मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो. माठ सगळेच वाजवून घेतात, पण साडू माठाला कान लावून त्याचा आवाज पार विरेपर्यंत थांबत आणि मग पुढच्याकडे वळत. कुंभाराची भाकरी खाऊन झाली, डुलकी काढून झाली, तरी ह्यांचा माठ ठरेना. शेवटी मला म्हणाले, "गुरुजी, ह्यो बोलतोय चांगला, पर शेवटाला नाकात जातोय." आम्ही तसेच परत आलो. तो उन्हाळा अक्कांनी बादलीतलं कोमट पाणी पिऊन काढला.

अशा माणसाच्या हाती विलायती इलेक्ट्रॉनिक्सचं एक जुनं मासिक पडलं. कारखान्यात यंत्र जोडायला आलेला पुण्याचा कुणी इंजिनिअर ते विसरून गेला होता. त्यात विजेवर वाजणाऱ्या एका वाद्याचे नकाशे होते. हे वाद्य एकसंध नसतं, सुट्या डब्यांचं असतं. एक डबा आवाज काढतो, एक तो गाळतो, एक त्याचा जोर चढवतो आणि उतरवतो, एक कंप देतो. हवे ते डबे घ्यायचे आणि वायरींनी एकमेकांना जोडायचे. इंग्रजी मी वाचून दाखवायचो आणि साडू मान डोलवायचे. एका पानावर लिहिलं होतं की सगळे डबे एकदम करू नयेत, दोन-तीन नीट निवडून सुरुवात करावी. हे वाक्य मी वाचायला नको होतं. कुठले दोन-तीन, या प्रश्नाने साडूंना जे धरलं ते सोडीना.

पुढे लग्नात, बारशात, एसटीत, जो भेटेल त्याला ते सल्ला विचारू लागले. आवाजाचा डबा आधी करावा, तर तो कोकलत सुटणार, मग त्याला गप्प कोण करणार? गप्प करणारा आधी करावा, तर गप्प कुणाला करायचं? माकणीच्या एका वयस्कर पाहुण्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गप्प करणाराच आधी करा, गावात त्याची गरज जास्त आहे, असं सांगून ते दुसरीकडे जाऊन बसले.

साडूंनी शेवटी गाळणीचा डबा केला, कारण वाद्याचा जीव गाळणीत असतो असं मासिकात होतं. सोलापूरच्या भंगारातून आणलेल्या रेडिओंचे सुटे भाग वनस्पती तुपाच्या डब्यात बसवले, वर एक गोल बटण. आता गाळायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी घरातला रेडिओच त्याला जोडला. ते दुष्काळाचं वर्ष होतं. अख्खी गल्ली पावसाच्या अंदाजासाठी त्यांच्या ओट्यावर जमायची. साडूंनी बटण फिरवलं आणि बातम्या देणारा माणूस विहिरीत उतरल्यासारखा घुमू लागला. पाऊस मराठवाड्यात आहे की विदर्भात, कुणालाच कळेना. शेजारचे तात्या उठता उठता म्हणाले, "आधीच पाऊस न्हाय, त्यात तुमी बातमीबी गाळून टाकली."

मग आवाजाचा डबा झाला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा कारखान्याचा भोंगा झाला असं समजून तात्या जेवणाचा डबा घेऊन पाळीला निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. त्यानंतर काही दिवस ते साडूंशी बोलले नाहीत. मासिकाच्या मते तिसरा डबा पट्ट्यांचा हवा होता, पेटीसारखा. पण साडूंचा काही निर्णय होईना.

आता अक्कांविषयी सांगायला हवं. वस्तीतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला गायन असे. अक्कांचा आवाज जाड आणि खालचा. पेटीवाला मात्र मुलींच्या उंच पट्टीत सूर धरायचा. अक्का तिथे पोचायच्या नाहीत, पोचल्या तर आवाज फाटायचा आणि पोरी हसायच्या. कधीतरी त्यांनी गाणं सोडलं आणि मागे बसून टाळ्यांनी ठेका धरू लागल्या. त्या वर्षी पेटीवाला कामासाठी मुलूख सोडून गेला होता. गायन रद्द करायचं घाटत होतं, तेव्हा साडू भर बैठकीत उठले आणि सूर मी देतो म्हणाले. घरी येऊन अक्कांना म्हणाले की तुम्ही गायचं.

अक्का पीठ मळत होत्या. मळता मळताच म्हणाल्या, "मला पेटी नको. एकच सूर द्या, पर दमानं द्या. एकदम अंगावर येऊ देऊ नका."

इतके दिवस अडलेला निर्णय तिथेच झाला. तिसरा डबा आवाजाचा जोर चढवण्या-उतरवण्याचा.

पौर्णिमेला संध्याकाळी विहारापुढे माणसं जमली. साडूंनी डबे कर्ण्याला जोडले. सूर खरोखरच हळूहळू मोठा होत आला, आणि अक्का जपून गाऊ लागल्या. सूर अजूनही त्यांना उंचच होता, दुसऱ्या ओळीला आवाज थरथरला. पुढच्या पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात कुठेतरी गिरणी सुरू झाली, विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या, दिवे पिवळे पडले आणि सूर खाली घसरू लागला. साडू बटणं पिळत होते, घाम पुसत होते, पण सूर काही आवरेना. मी मान खाली घातली.

अक्कांनी डोळे मिटले आणि सुराबरोबर त्याही उतरत गेल्या. जसजशा खाली गेल्या तसतसा आवाज मोकळा झाला, रुंद झाला. अगदी तळाला सूर थांबला तेव्हा त्यांचा आवाज सगळ्या वस्तीवर पसरलेला होता. गाणं संपल्यावर पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाई, इतके दिवस कुठं हुतीस गं?"

खालच्या सुरातच अक्का खुलल्या, हे साडूंच्या ध्यानातच आलं नव्हतं. ते माझा हात धरून पुन्हा पुन्हा सांगत होते, "व्होल्टेज पडलं हो गुरुजी, माजं चुकलं न्हाय."

पुढच्या वर्षी पेटीवाला परतला आणि अक्कांना एकदा ऐकून, कुणी न सांगता त्याने खालची पट्टी धरली. साडूंनी चौथा डबा काही केला नाही. मी एकदा कारण विचारलं, तर त्यांनी आधी मासिकच बाजूला सारलं. मग म्हणाले, "घरात आता दिवसभर गाणं असतंय. ते ऐकू का वायरींना डाख लावत बसू?"

परवा ढोकीला गेलो होतो. साडू ओट्यावर बसले होते, आता फार थकलेत. मी हाक मारणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आत अक्का भाजी निवडता निवडता काहीतरी म्हणत होत्या. कडवं संपेपर्यंत मी पिशवी हातात घेऊन उन्हात तसाच उभा राहिलो, आणि ते लवकर संपू नये असं मलाही वाटत होतं.