पाहुण्यांशी हरणारा माणूस

मौ युंगहाय हरायचा तेव्हा बघत राहावं असं हरायचा. मी हे चेष्टेनं म्हणत नाही. चीनमधल्या आमच्या जिनान शहराच्या क्रीडागृहात टेबलाशेजारी बसून गुणांच्या पाट्या उलटायचं काम मी उभा जन्म केलं, त्यामुळे त्याचं हरणं माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही. जिंकणारे पुष्कळ पाहिले. त्यांची नावं आता आठवतही नाहीत.

तो प्रांताच्या टेबल टेनिस संघात होता. उंच, खांदे जरा पडलेले, बोलायला महाकंजूष. सगळ्या प्रांतात त्याला हरवू शकणारे दोघे-तिघेच. पण परदेशी पाहुणे आले की त्याला हमखास बोलावणं यायचं, आणि सामन्याआधी कॉम्रेड श्या त्याला जिन्याखाली घेऊन जायचे. पाहुण्यांची बडदास्त ठेवणं हे श्यांचं काम. डोक्याला टक्कल, हातात कायम झाकणाचा चहाचा मग. कोणत्या देशाशी किती हरायचं ते ते हळू आवाजात सांगायचे. पाट्या आणायला मी तिथूनच जायची, आणि मला ऐकू येतं हे त्यांना ठाऊक होतं.

"सूयुन, तू भिंत आहेस," ते मला म्हणायचे.

"भिंतीला कान असतात, कॉम्रेड."

"असू देत. तोंड नसलं म्हणजे झालं."

त्या जिन्याखाली मला देशाचं परराष्ट्र धोरण पेपराच्या आधी कळायचं. अल्बानिया जिवाभावाचा, त्यांच्याशी सपशेल हरायचं. रुमानियाला दोन गेम द्यायचे, एक आपण घ्यायचा. जपानशी सलोखा झाला त्या वर्षी घासून जिंकायचं ठरलं, म्हणजे त्यांचाही मान राहिला आणि आपलाही. रशियन तर येतच नव्हते. उत्तरेच्या सरहद्दीवरच्या नदीवर दोन्ही बाजूंनी बंदुका रोखलेल्या असताना टेबल मांडणार कुठे? पुढे अल्बानियाशीही फाटलं आणि त्यांच्याशी हरायची गरज उरली नाही. युंगहाय प्रत्येक वेळी मान डोलवायचा आणि बॅट पुसायला घ्यायचा.

हरणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं तीन हजार माणसांसमोर हरून दाखवावं. चेंडू जाळीत मारला की कुणालाही कळतं. युंगहाय तसलं काही करत नसे. समोरच्याचा हात कुठे जोरात चालतो ते तो पहिल्या काही मिनिटांत हेरायचा आणि चेंडू नेमका तिथेच, नेमक्या उंचीवर नेऊन द्यायचा. मग पाहुणा असा फटका मारायचा की त्याचा त्यालाच आनंद व्हायचा. युंगहाय धावायचा, घामाघूम व्हायचा, आणि चेंडू त्याच्या बॅटच्या बोटभर पलीकडून जायचा. लोक पाहुण्यासाठी टाळ्या वाजवायचे.

त्र्याहत्तर साली अमेरिकन आले. ज्या अमेरिकेला आम्ही शाळेत कागदी वाघ म्हणून चित्रांमधून भाले मारले होते, तिचा अध्यक्ष आदल्या वर्षी पेकिंगला येऊन जेवून गेला होता. रशियाला धाक घालायचा तर अमेरिका जवळ हवी, एवढं राजकारण पाट्या उलटणाऱ्या बाईलाही समजतं. आलेल्या मंडळात हॅलोरन नावाचा एक गणिताचा मास्तर होता. लाल मिशा, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि खेळ म्हणाल तर गावच्या क्लबातला. श्या म्हणाले, "पहिला गेम घे. पुढचे दोन दे. शेवटचा अगदी थोडक्यात. आणि युंगहाय, ही गोष्ट घरीसुद्धा बोलायची नाही."

नेमका त्याच दिवशी त्याचा बाप सामना बघायला आला होता. थोरले मौ रेल्वेच्या कारखान्यात लोहार. पोराची पहिली बॅट त्यांनीच खोक्याच्या फळीतून कापली होती. कारखान्यातले मित्र घेऊन, धुतलेला निळा डगला घालून ते पुढच्या रांगेत बसले होते. त्यांच्या पोरानं पहिला गेम घेतला तेव्हा त्यांनी आजूबाजूच्या सगळ्यांना सिगारेटी वाटल्या. नंतरचे दोन गेम त्यांनी कसे पाहिले ते मी पाहिलं नाही. मी मान वर केली नाही.

कारखान्यात मग वर्षभर टोमणे चालले. "काय मौ उस्ताद, पोराला ताकदीसाठी पातीचा कांदा कमी पडला का? मिशीला हरला तुमचा वाघ!" मैत्री पहिली आणि सामना दुसरा, हे त्या वेळी भिंतीभिंतीवर लिहिलेलं होतं. पण थोरल्या मौंच्या लेखी मैत्री म्हणजे सामना झाल्यावर हात मिळवणं. भरल्या सभागृहात कुणी मुद्दाम हरतो हे त्यांच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं. जेवताना त्यांनी एकदाच विचारलं होतं, असं युंगहायनंच मला सांगितलं.

"बरं नव्हतं का तुला?"

"बरा होतो."

"मग?"

युंगहाय वाडगा उचलून उठला. त्यानंतर बापलेकात कोळसा, धान्य, छपराची गळती यांवर बोलणं होत राहिलं. खेळाचा विषय कायमचा बंद झाला. म्हातारा पुन्हा क्रीडागृहाकडे फिरकला नाही.

दिवस पालटले. श्या वारले, युंगहाय मुलांना शिकवू लागला, त्याचे केस पिकले. मी त्याला कितीदा म्हटलं, "आता कोण विचारतंय? सांगून टाक की बाबांना."

"तोंडानं सांगितलं तर म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं."

"मग मी सांगते."

"तू भिंत आहेस," तो म्हणाला, आणि हसला. मग म्हणाला, "तो मिशीवाला एकदा समोर यायला हवा, ताई. त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायला हवं. मला दुसरं काही नको."

आणि चौऱ्याण्णव साली तो मिशीवाला खरंच आला. मिशा पांढऱ्या झालेल्या, पोट सुटलेलं, बरोबर त्याच्या गावचे दहा-बारा व्यापारी. त्यानं येण्याआधीच कळवलं होतं की मौ जिवंत असेल तर त्याच्याशी खेळायचंय. श्यांच्या जागी आता एक तरुण बाई होती, लाल ओठांची, हसतमुख. मी मुद्दाम जिन्याजवळ उभी राहिले.

"काही सूचना?" युंगहायनं विचारलं.

"कसल्या सूचना, मास्तर? हवं तसं खेळा. आता संबंध चांगले आहेत, व्यापार चांगला आहे."

मी तशीच बाहेर पडले आणि माझी तीनचाकी सायकल काढून थेट मौंच्या घरी गेले. म्हातारा दारात उन्हाला बसला होता.

"काका, उठा. क्रीडागृहात जायचंय."

"तिथे माझं काय ठेवलंय?"

"तो अमेरिकन आलाय. युंगहाय खेळतोय त्याच्याशी."

"मग आता दुसऱ्यांदा बघू?"

"बघा दुसऱ्यांदा. नाही आवडलं तर मला चार शिव्या द्या."

ते पुटपुटत उठले आणि मी त्यांना मागच्या फळीवर बसवलं.

त्या दिवशी मला प्रथमच कळलं की युंगहाय कसा खेळतो. इतकी वर्षं पाट्या उलटून मला ते माहीत नव्हतं. हॅलोरन वाईट खेळत नव्हता, पण त्याला चेंडू दिसतच नव्हता. पहिला गेम एकवीस-सहा. थोरले मौ गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले होते. दुसऱ्या गेमच्या मध्यावर त्यांनी अचानक माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाशी, ते पहिल्या रांगेत. बोलायची सोय नव्हती. त्यांनी फक्त भुवया उंचावल्या आणि मी होकारार्थी मान हलवली. बस्स. म्हातारा उठून उभा राहिला, शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीत थाप घालून ओरडला, "माझा पोरगा आहे तो! त्या वेळी मुद्दाम हरला होता, गाढव!" ते डोळे पुसत होते आणि हसत होते, आणि मलाही रडू आवरेना. माझ्या हातून पाटी चुकीची उलटली गेली.

सामना संपल्यावर भाषणांसाठी माईक आणला. हॅलोरननं आभार मानले, मग थांबला. त्याचा चेहरा उतरला होता. दुभाषी मुलगी त्याचं बोलणं आमच्या भाषेत मोठ्यानं सांगत होती. "माझ्या गावात सगळ्यांना माहीत आहे की मी चीनमध्ये एका चिनी खेळाडूला हरवलं. ती बॅट मी शाळेत काचेच्या पेटीत ठेवली आहे. मुलं बघायला येतात. मला एकच विचारायचंय, मिस्टर मौ. त्या वेळी तुम्ही मला जिंकू दिलं होतं का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

लाल ओठांच्या बाईंचं हसू तसंच चिकटून राहिलं होतं. युंगहायनं आधी त्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे. आता त्याला कुणाचा हुकूम नव्हता. तरी त्यानं माईक हातात घेतला आणि सगळ्यांना स्पष्ट ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही. त्या दिवशी तुम्ही माझ्यापेक्षा चांगले खेळलात. मी मनापासून खेळलो आणि हरलो."

दुभाषी मुलीनं ते सांगितल्यावर हॅलोरननं त्याला मिठी मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरले मौ खाली बसले आणि डगल्याची बटणं लावू लागले.

बाहेर सायकलपाशी मी त्यांना गाठलं. माझं डोकं फिरलं होतं, मुलावर, त्या मिशीवर, मेलेल्या श्यांवरसुद्धा. "काका, तो पाहुण्याची लाज राखायला तसं बोलला. मी त्या दिवशी जिन्याखाली होते. माझ्या कानांनी ऐकलंय. त्याला हरायला सांगितलं होतं!"

म्हातारा सायकलच्या मागच्या फळीवर चढून बसला. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती.

"सूयुन, तू त्याची बाजू घेतेस ते ठीक आहे. पण तो एवढ्या लोकांसमोर स्वतःच्या तोंडानं बोलला. माझा पोरगा हरत असेल, पण खोटं बोलत नाही."