पाहुणी सभासद

समाजसेवा मोजायला गेलं तर आमच्या क्लबाने फार दिवे लावले असं म्हणता येणार नाही. पण किस्से! चार बायका सेवा करायला बाहेर पडल्या की ते आपोआप जमत जातात.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहायचो. खालच्या मजल्यावरची शैला एकदा म्हणाली, "अगं, आमच्या महिला क्लबात ये ना! शनिवारची संध्याकाळ झकास जाते." आधी काही महिने पाहुणी म्हणून जायचं, मग रीतसर शपथ आणि साडीला क्लबाची पिन. मला ती पिन हवीच होती. लग्नानंतर घराबाहेर माझं असं काही उरलंच नव्हतं.

माझ्या सासूबाई मालवणच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, "पावणे इले की क्लब बंद."

आमच्याकडे पाहुणे किती यायचे ते विचारू नका!

* * *

पहिल्याच मीटिंगला प्रेसिडेंट रेगेबाईंनी सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून टेबलावरची पितळी घंटा वाजवली. मी चटकन उठून हात जोडले, डोळेही मिटले!

मागून शैला कुजबुजली, "बस गं, आरती नाहीये."

* * *

क्लबाची साडी ठरली, फिकट निळी, पांढऱ्या काठांची. ती नेसून आम्ही एका हॉस्पिटलात फळं वाटायला गेलो. तिथल्या आयांची साडी थेट तशीच!

एका पेशंटने रेगेबाईंनाच हाक मारली, "ओ मावशी, बेडपॅन आणा लवकर!"

रेगेबाई कॉलेजात प्रोफेसर. त्यांनी फळांची टोपली माझ्या हातात दिली, बेडपॅन आणून दिलं आणि नंतर धुऊनही ठेवलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आज खरी सेवा तेवढीच झाली. रिपोर्टात लिहू नका."

* * *

रक्तदान शिबिराची तयारी जय्यत होती. बॅनर, कॉफी, बिस्किटं, सगळं. डॉक्टरांनी तपासलं तर आमच्यातल्या बहुतेकींचं हिमोग्लोबिन कमी!

"बाई, तुम्हालाच बाटली चढवायला हवी," डॉक्टर म्हणाले.

शेवटी आमचे नवरे आडवे झाले आणि आम्ही बिस्किटं वाटली.

* * *

शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर मराठी सिनेमा असायचा. वेळ जवळ आली की मीटिंगमध्ये चुळबूळ सुरू. एकदा कांजूरमार्गच्या बालवाडीवरून दोघींची जोरदार जुंपली. रेगेबाईंनी घड्याळ बघितलं आणि घंटा वाजवली.

"राहिलेला वाद घरी जाऊन नवऱ्याशी घाला!"

* * *

हे सगळं मी घरी येऊन सासूबाईंना सांगायचे. त्या मान खाली घालून तांदूळ निवडत राहायच्या. हसू नाही, प्रश्न नाही. आवडतंय की राग येतोय, काही पत्ता लागू द्यायच्या नाहीत.

मग माझ्या शपथेचा शनिवार आला. साडीला इस्त्री करून ठेवली होती. आणि दुपारी जोगेश्वरीहून सासूबाईंची धाकटी बहीण दारात हजर!

वाट लागली. अट म्हणजे अट. शैलाला "येत नाही" असा निरोप पाठवला आणि भज्यांसाठी कांदे चिरायला बसले. फार वाईट वाटलं. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलता आलं, तेवढं बरं झालं.

बाहेर दोघी बहिणींच्या गप्पा रंगल्या होत्या. सासूबाईंचा आवाज चांगलाच चढला होता.

"आमच्या क्लबात झाडा लावूचा ठरला. मी उभी रवलंय आणि प्रेसिडेंटबाईंक तोंडार सांगलंय, बाई, लावतास खरा, पण पाणी कोण घालतला? सगळे गप!"

माझी सुरी थांबली. क्लबात झाडांचा विषय कधी निघालाच नव्हता. आणि सासूबाईंनी क्लबाचा जिनासुद्धा पाहिलेला नव्हता!

"मगे?" मावशींनी विचारलं.

सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

"गो, तू अजून हयच? जा बेगीन. आमची मिटिंग चुकतली!"