केळवणाचा घास

समोरच्या खाटेपाशी एक बाई आपल्या लहानग्या मुलीला वरणभात भरवत होती. भरवत कसली, कोंबत होती. पोरीचं नाक चिमटीत धरायचं आणि श्वासासाठी तोंड उघडलं की घास आत. पोर लाथा झाडत होती आणि अख्खा वॉर्ड कौतुकाने बघत होता.

माझ्या पोटावर टाक्यांची ही दुसरी रांग. पहिल्या वेळी वजन उतरावं म्हणून पोट कापून अंड्याएवढं केलं आणि आतडं वर ओढून त्याला जोडलं. "एवढ्या जाडीला कोण करून घेणार?" म्हणत मावशीनेच लकडा लावला होता. मग लग्न ठरलं, केळवणं सुरू झाली, आणि त्याच मावशीने त्या अंड्याएवढ्या पोटात पुरणपोळी कोंबली. "माझ्या गळ्याची शपथ, एवढा एकच घास!" असे घास घरोघरी झाले. ओकून ओकून आतला जोड फाटला. पुन्हा पोट फाडलं, सडलेलं कापून फेकलं, उरलेलं शिवलं.

आमच्याकडे बाईचं तोंड तिचं नसतंच. ते कधी मिटायचं, कधी उघडायचं, हे प्रेमाची माणसं ठरवतात. सर्जन निदान भूल तरी देतो.

तेवढ्यात किंकाळी आली. पोरीने आईचं बोट दातांत धरलं होतं. वरणात रक्त ठिबकत होतं.

"सोड गं मेले, सोड!" आई ओरडली.

"सोडू नकोस!" मी ओरडले. टाक्यांतून कळ थेट मस्तकात गेली, तरी पुन्हा ओरडले.