महादूची फिरती ढाल

मढच्या कोळीवाड्यात गावदेवीच्या देवळात एक रिकामा खिळा आहे. नवीन आलेला पुजारी तो उपटायला निघाला होता, मी त्याला असा झापला की पुन्हा त्याने भिंतीकडे बघितलं नाही. तो खिळा महादूने ठोकलाय.

महादू म्हणजे माझा बोटीतला भागीदार आणि उपनगरचा बॉक्सिंगचा चॅम्पियन. पदकं त्याच्याकडे पोत्याने होती, पण त्याचा जीव जडला होता फिरत्या ढालीवर. जो जिंकेल त्याच्या गावात ती वर्षभर राहायची, आणि लागोपाठ तीनदा जिंकली की कायमची. चौऱ्याऐंशी साली त्याने ती आणली, देवळात त्या खिळ्याला टांगली, पंच्याऐंशीला राखली. नारळी पौर्णिमेला सोन्याच्या नारळामागून ढाल मिरवली, तेव्हा पोरीबाळी नारळ सोडून महादूकडेच बघत होत्या. खोटं कशाला सांगू, मीसुद्धा.

व्यायामशाळेत तो कधी फारसा गेला नाही. "समुद्र हाच माझा आखाडा," म्हणायचा. ते खरंच होतं. ओहोटीचा जोर अंगावर घेऊन त्याने वीस वर्षं डोल जाळं हाताने ओढलं. त्याच्या डाव्या हाताचा ठोसा ज्याने खाल्ला, तो दोन दिवस भाकरी चावत नसे.

दुसऱ्यांदा ढाल जिंकली त्याच वर्षी, होळीनंतर, आम्ही बोटीवर विंच बसवली. जाळं ओढायची मशीन. मीच हट्ट धरला होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, माझी कंबर मलाच सांभाळायची होती. महादूने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, मग दोरावर हात ठेवून उभा राहायला लागला. दोर मशीन ओढायची, तो नुसता वळवायचा. घाम तसाच यायचा, भूक तशीच लागायची, घरी येऊन तसाच मेल्यासारखा झोपायचा. म्हणून त्याला वाटलं, कामही तेच आहे.

त्याची बायको मथुरा मालाडच्या बाजारात मासळी विकायची. तिला कोणी फसवू शकत नसे. ती एकदा ताट वाढताना म्हणाली, "जालं कोन वढतंय? तू का मशीन?"

"मशीनला धरतंय कोन? मीच ना!" महादू म्हणाला आणि दुसरं पापलेट मागितलं.

तिसऱ्या वर्षी समोर आला घाटकोपरचा चंद्रप्रकाश. मूळ मालवणकडचा पोरगा, बाजारात पाठीवर गोणी वाहायचा. महादू हसला. "गोण काय रे, गप पडून राहते. जाळं उलटं ओढतं. त्याला काय माहीत!" मी म्हटलं, महिनाभर तरी हाताने ओढ. तर मलाच म्हणाला, "तू आपलं डिझेल बघ."

गोरेगावच्या मैदानात अख्खा मढ लोटला. पहिला राउंड महादूचा. काय खेळला! पाय असे हलके की अडतीसचा माणूस आहे हे कोणी मानलं नसतं. डाव्या हाताने पोराला दोनदा दोरांवर नेलं. आम्ही ढोलवाल्याला उठवलं.

दुसऱ्या राउंडच्या मध्यावर ते हात खाली यायला लागले. डोळ्यांना ठोसा दिसत होता, पाय बाजूला होत होते, पण खांदे ऐकेनात. महादू आपल्याच हातांकडे बघायचा, उधारीवर घेतलेले असावेत तसा. त्याला तिथे रिंगमध्येच कळलं.

तिसरा राउंड त्याने नुसता सोसला. पोरगा मारत होता, महादू झुलत होता, पण गुडघा टेकला नाही. आमचा ढोल बंद पडला, तेव्हा घाटकोपरवाल्यांनी महादूसाठी टाळ्या वाजवल्या. निकाल लागल्यावर तो चंद्रप्रकाशचा हात उंच करायला गेला, पण त्याचा स्वतःचाच खांद्याच्या वर जाईना. शेवटी पोरानेच आपला आणि महादूचा, दोन्ही हात वर नेले. "तुमच्यासारखो पयलो राउंड माका जल्मभर जमाचो नाय, दादा," पोरगा म्हणाला. ढाल महादूने स्वतः उचलून त्याच्या हातात दिली.

दोन दिवसांनी, सुजलेल्या तोंडाने, तो बोटीवर आला. जाळं भरलं तशी म्हणाला, "मशीन बंद."

खलाशी माझ्याकडे बघायला लागले. मी बंद केली. महादूने दोर धरला आणि पाय रोवून ओढायला लागला. थोडं जाळं वर आलं, थांबलं, परत घसरलं. हाताची कातडी सोलून निघाली. कोणाची मदत करायची छाती झाली नाही.

"हे काम मी रोज करत होतो रे," तो म्हणाला. "कधी सोडलं, मला कळलंच नाही."

"तू सोडलं नाहीस. मशीनने घेतलं."

"नाय. मी दिलं." त्याने दोर परत मशीनवर घातला. मग तळवे लुंगीला पुसले. "लाव मशीन. मथुरा बाजारात वाट बघत असेल."