आत्याचा आवाज विहिणीच्या गाडीत

आमच्या ह्यांनी गाडी घेतली ती फिरायला नाही, गाणी ऐकायला घेतली, असं माझं ठाम मत आहे. आदिलाबादला आमचं घर भिंतीला भिंत लागून. आवाज जरा वाढवला की पलीकडून शेजारीण खोकते. गाडीत मात्र हे राजे. सुट्टीच्या सकाळी काचा पुसायच्या, आत बसायचं, मोबाईल काढायचा आणि गाडीला जोडायचा. जोडला गेला की आतून टुंग असा आवाज येतो. हे तहसीलीत कारकून, दफ्तरातले निजामाच्या वेळचे शब्द त्यांच्या जिभेवरून अजून उतरलेले नाहीत. टुंग झालं की म्हणतात, "मंजूर." मग गाणं लागतं.

मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांचा कालवा ऐकून डोकं उठलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला मला या नादाचा रागच यायचा. उभ्या गाडीत बसून गाणी ऐकणारा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही. पण खरं सांगायचं तर त्या गाडीत गाणं जसं ऐकू येतं तसं मी दुसरीकडं कुठं ऐकलेलं नाही. पुढून पेटी येते, मागून ढोलकी, आणि गाणारी बाई तर शेजारीच बसल्यासारखी वाटते. माझी आत्या मला खरी ऐकू आली ती या गाडीतच.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, बेल्याकडच्या एका खेड्यात राहते. उभा जन्म तिनं लोकांच्या वावरात कापूस वेचला आणि वेचता वेचता गाणी रचली. पोराला मास्तर केलं. सारा गाव तिला आत्याच म्हणतो, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. आमच्या समाजात लग्न लागतं ते त्रिशरण-वंदना घेऊन, साधं, पण हळदीच्या दिवशी बायकांना गाणी लागतातच. आणि त्या गावात आत्यानं गाणं उचलल्याशिवाय दुसरी बाई तोंड उघडत नसे. विहिणीला चिडवणारी गाणी तर तिचीच. अशी चिडवायची की विहीण लाल व्हायची आणि हसायचीही. ती गाणी ठरलेली, सगळ्या बायकांना पाठ. शेवटचं कडवं मात्र दर नवरीला नवं. ती पोर कशी आहे हे आत्या नीट पाहायची आणि तिच्यापुरतं रचायची.

एकदा डोळे दाखवायला ती आमच्याकडं आली होती. तिला गावी सोडायला निघालो. ह्यांनी नेहमीप्रमाणं टुंग केलं, मंजूर म्हटलं, गाणं लावलं. आत्या मागच्या सीटवर मांडी घालून बसली होती. थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाली, "जवाई, या डब्यात माह्यं गाणं लागते काय?"

"लागते ना आत्या. तुमी म्हना, मी मोबाईलात भरतो."

झालं. जैनदच्या पुढं रस्त्याला दोन्हीकडं कापूस फुटलेला, आणि आत्यानं विहिणीचं गाणं उचललं.

"विहीणबाई आल्या, मांडवात बसल्या,
पान खाऊन रुसल्या, चुना कमी पडला."

हे तिच्या गाण्यात इतके रमले की समोरच्या म्हशी त्यांना दिसेनात. मी ओरडले, "अहो, म्हशी! डोळे मिटून गाडी चालवून राह्यले काय?" तेही भरलं गेलं. आत्या थांबली नाही. म्हशींना वाट देत, हॉर्नच्या वर आवाज चढवून तिनं पुढचं कडवं पुरं केलं.

मग ह्यांनी बाजूला गाडी घेतली आणि तेच लावून दाखवलं. चारी बाजूंनी आत्याचा आवाज. मी या बाईची गाणी लहानपणापासून ऐकते, पण मांडवात नेहमी गलका असायचा, ताटं वाजायची, पोरं रडायची. तिचा आवाज एकटा, स्वच्छ असा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कुठं शिकली असेल ही बाई, असं मनात आलं आणि मग आठवलं, कुठंच नाही. आत्या मात्र परीक्षकासारखी तोंड आवळून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात दम तुटला. पुसून टाका."

"आणि शेवटचं कडवं?" मी विचारलं.

"ते हळद लागल्या पोरीसमोरच म्हनाचं असते. गाडीत कोनाले म्हनू, तुह्या म्हशीले?"

आम्ही ते गाणं पुसलं नाही.

पुढं तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती कुजबुज, तीही कान जवळ नेला तरच ऐकू येणारी. मी दवाखान्यात रडले, तर तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "जीव हाय ना माय. आवाजाचं काय लोनचं घालाचं हाय?" अशी ही बाई. कौतुक तरी किती करावं.

पण तिच्या नातीचं, पोराच्या पोरीचं लग्न जुळलं, आणि आत्या मनानं मिटून गेली. नात तिच्याच मांडीवर वाढलेली. पोरगी हुशार, पण इतकी अबोल की शाळेत बोटात काटा रुतला तरी घरी आल्यावर सांगायची. मुलगा पैनगंगेपलीकडचा, नोकरीवाला. साखरपुड्याला त्याची आई पाहिली तेव्हा मला जरा धसकाच बसला. कडक बाई, मोजून बोलणारी, साडीची घडी न मोडता बसणारी. त्या दिवशी आमच्या ह्यांनी मात्र व्याह्यांच्या गाडीत बसून स्वतःचा मोबाईल त्या गाडीला जोडून दाखवला. गाडी आमच्यासारखीच, रंग तेवढा वेगळा. मी म्हटलं, "लोकाच्या गाडीत कायले नाक खुपसता?" तर म्हणाले, "दोन्ही घरं जोडून राह्यलो."

हळदीच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या होत्या, वंदना झाली होती. नवरीला पाटावर बसवलं होतं आणि बायका सतरंजीवर गप्प बसून होत्या. आत्या उचलेल मग म्हणू, ही सवय. आत्या घरात, दाराआड. पोरांनी तेलुगू गाण्यांचा डीजे लावू म्हटलं, तर तिनं हातानंच नको म्हणून सांगितलं. मी आत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. माझं मनगट धरून कानात म्हणाली, "साऱ्या गावाच्या पोरी म्या गाऊन धाडल्या. माह्यीच पोरगी मुकी धाडू काय?"

आणि मग डोक्यात आलं, मोबाईल.

मी बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, "म्हशीवालं गाणं हाय ना अजून? लावा." जन्मात पहिल्यांदा मी त्यांना गाणं लावा म्हटलं असेल. त्यांनी गाडी मागं घेत मांडवाला लावली, डिकी उघडली, चारी दारं उघडली. तेवढ्यात नवऱ्याकडची गाडी उष्टी हळद घेऊन आली आणि कडुनिंबाखाली उभी राहिली. इंजिन चालूच होतं, आत विहीणबाई आणि तिच्यासोबतच्या बायका. आमच्या ह्यांना मागं वळून पाहायला सवड कुठं? मोबाईलवर एकाच नावाच्या दोन गाड्या दिसल्या, त्यांनी वरची दाबली. "मंजूर," म्हणाले. आवाज पार वर नेला.

आमची गाडी गप्प. आणि कडुनिंबाखालून, विहिणीच्या गाडीतून, आत्याचा आवाज आला.

"विहीणबाई आल्या, मांडवात बसल्या,
पान खाऊन रुसल्या, चुना कमी पडला."

ज्या बाईला चिडवायचं तिच्याच गाडीतून, तिच्याच कानाशी, ती अजून खाली उतरलेलीही नसताना. वर माझाही आवाज साऱ्या गावानं ऐकला, "अहो, म्हशी! डोळे मिटून गाडी चालवून राह्यले काय?" गाडी विहिणीची असल्यामुळं म्हशी कोण, हा प्रश्न साऱ्यांनाच पडला असणार. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. हे मोबाईलवर बोटं मारत होते आणि आवाज आणखीच वाढत होता.

विहीणबाई गाडीतून उतरल्या. हळदीचं ताट सोबतच्या बाईकडं दिलं. चेहऱ्यावरून काही कळेना. गाणं संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि भर रस्त्यात, खड्या आवाजात उत्तर दिलं.

"पान नको, चुना नको, नको मले मान,
गाडीमंदी गाते कोन, दाखवा तिचं ध्यान."

आमच्या बायका तर यासाठीच बसल्या होत्या. एकच हशा उठला, टाळ्या सुरू झाल्या, गाणं सतरंजीभर पसरलं. आणि दारात आत्या आली. आपलाच आवाज रस्त्यावरून ऐकून उठून आली होती. उंबऱ्यात उभी राहून ती हातानं ताल धरत होती, कोणी घाई केली की बोट वर करून थांबवत होती. विहिणीला मी सांगितलं, आवाज यांचा, पण आता तो राहिला नाही. त्या बाईनं हात धरून आत्याला नवरीशेजारी बसवलं.

हळद लागली. आता शेवटचं कडवं. बायका थांबल्या. ते मोबाईलात नव्हतं, कोणालाच येत नव्हतं, येणार कसं? आत्याचे ओठ हलले. नात खाली मान घालून बसलेली, तिच्या डोळ्यांतून पाणी. आणि विहीणबाईंनी काय करावं? पुढं सरकून आपला कान आत्याच्या ओठांशी नेला. आत्यानं एक ओळ सांगितली, विहिणीनं ती मोठ्यानं म्हटली.

"नात माही मुकी मुकी, भूक लागली सांगत नाही."

दुसऱ्या ओळीला पुन्हा कान लावला. मी अगदी जवळ होते, मला कुजबुज ऐकू आली होती. "विहीणबाई, जेवताना तिच्या ताटात पाहा," असं आत्या म्हणाली होती. विहिणीनं नवरीच्या पाठीवर हात ठेवला आणि ओळ आपल्या मनानं बदलून म्हटली.

"आत्याबाई, जेवताना मी तिच्या ताटात पाहीन."

साऱ्या बायकांनी ती ओळ उचलली, पुन्हा पुन्हा म्हटली. मी म्हणू शकले नाही, मी पदरात तोंड घालून बसले होते.

लग्न लागलं, पोरगी गेली. आत्याला चार दिवस बदल म्हणून आम्ही आदिलाबादला घेऊन निघालो. ह्यांनी मोबाईल जोडला, पण मंजूर म्हणायचं धाडस काही झालं नाही. आत्या मागं मांडी घालून बसली होती. जैनद यायच्या आधी तिनं माझा खांदा ओढला आणि कानात म्हणाली, "विहिनीचा सूर कच्चा हाय." मग खांदा पुन्हा ओढून म्हणाली, "पन पोरगी उपाशी राह्यत नाही."