एक कोटी एक्याण्णव लाख सत्तावन्न हजार सत्तावन्न

कानडे सर रोज एकच भागाकार करत. सकाळी नदीवर, राम घाटावर अंघोळ, घरी येऊन चहा, मग वही आणि पेन्सिल. भाज्य रोज तेच, १९१५७०५७. भाजक रोज पुढची मूळ संख्या. बाकी उरली की वही बंद.

आमच्या शाळेत ते गणित शिकवत. कडक इतके, की अर्ध्या मार्कासाठी मुख्याध्यापकांच्या भाच्याला नापास करून मोकळे! "गणितात दया नाही चालत, भैया," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी नवा मास्तर. मीही भरपूर बोलणी खाल्ली.

ती संख्या मात्र काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची. काकू आठवी शिकलेल्या, पण पाढ्यांत सरांना हरवायच्या. एकदा त्यांनी सरांच्या पुस्तकातल्या यादीतून गुपचूप दोन मूळ संख्या निवडल्या, गुणाकार केला, कागद फाडून टाकला आणि उत्तर सरांपुढे ठेवलं. "मोठे गणिती ना तुम्ही? फोडा!" सरांनी हसण्यावारी नेलं. त्याच वर्षी काकू काविळीने गेल्या. तेराव्यानंतर सरांनी नवी वही आणली.

"बाकी उरली रे उरली, की ही स्वयंपाकघरातून हसते. 'नाही ना जमलं?' म्हणते." सर हे आजची भाजी बरी झाली अशा सुरात सांगायचे, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा यायचा.

दीड वर्ष उलटल्यावर एकदा पाहतो, तर भाजक ४३९१. मी चक्रावलो. दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्यातली लहान संख्या वर्गमुळाच्या अलीकडेच सापडायला हवी, आणि वर्गमूळ होतं ४३७६ च्या आसपास. म्हणजे सरांचं मागे कुठेतरी चुकलं! आमच्या गावच्या फ्रीगंज बाजारात तेव्हा जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लास निघाले होते. तिथल्या एका ओळखीच्याने क्षणात उत्तर काढून दिलं : ३१८७ गुणिले ६०११. मी मोठ्या ऐटीत सरांकडे गेलो आणि ३१८७ चं पान काढलं. बाकी एक. पण त्या एकाखालचा कागद खोडून खोडून पातळ झाला होता.

"सर, इथे शून्य यायला हवं."

"आलं होतं," सर म्हणाले. "पाच महिने झाले. शून्य आलं आणि घर एकदम गप्प. दिवसभर हाका मारल्या यार तिला. संध्याकाळी शून्य खोडून एक लिहिला, तेव्हा कुठे हसली."

अर्ध्या मार्काला न सोडणारा माणूस! मला तिथेच रडू फुटलं. तरी तोंडून निघून गेलं, "पण ६०११ ला परत शून्य येणार, सर."

"मालूम आहे. सहा महिने आहेत अजून."

मग मी वहीचं नाव काढलं नाही. घरी मात्र एकेक मूळ संख्या मोजत राहिलो. सहा महिन्यांनी सरांच्या शेजारणीचा निरोप आला. मी धावत पोहोचलो तोवर सर गेले होते. "सकाळपासून कुणाला तरी हाका मारत होते," ती सांगत होती. "मग आवाजच बंद झाला."

टेबलावर वही उघडीच होती. भाजक ६०११. तळाशी ठसठशीत शून्य. खोडरबर हाताशीच पडलं होतं. या वेळी सरांनी ते उचललं नव्हतं.