आधी समोरच्याचं सांगा

फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गच्चीवर नानांची गादी उन्हात टाकत होते. रविवारी त्यांना लातूरहून परत आणायचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं, आणि दादा नुसतं 'बघू' म्हणाला होता. पहाटे झोपेतच गेले, एवढंच तो फोनवर बोलला. गादी तशीच टाकून मी निघाले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच्या गंजी लागलेल्या, आणि माझ्या डोक्यात एकच घोकणं चाललेलं... चार दिवस थांबले असते तर स्वतःच्या घरी गेले असते. महिना उलटून गेला, ते घोकणं अजून थांबलेलं नाही.

नाना म्हणजे आमचे वडील. मुखेडकडच्या एका कोरडवाहू गावातून शिकायला नांदेडला आले, वकील झाले आणि जन्मभर दिवाणी दावे चालवत राहिले. बांध, वहिवाटीचा रस्ता, विहिरीच्या पाण्याची पाळी, भावाभावांच्या वाटण्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची बैठक होती. त्यांची हातांची लाकडी खुर्ची आणि समोर पक्षकारांसाठी एक लांब बाकडं. त्या बाकड्यावर बसणाऱ्याला एकच नियम होता. आधी समोरच्याची बाजू सांगायची, तीही त्याच्या तोंडून निघावी तशी. स्वतःचं गाऱ्हाणं त्यानंतर.

मुखेडकडचाच एक शेतकरी मला चांगला आठवतो. चुलतभावाने बांध कोरला म्हणून तणतणत आला होता. नाना म्हणाले, "आधी त्याचं सांगा." "त्याचं म्या कशाला सांगू, वकीलसाहेब? लई लबाड हाय त्यो." "मग लबाडाचं सांगा." माणूस उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. मग नाइलाजाने सुरू झाला, "त्यो म्हणतो, बांध माझ्या बापानं घातलेला... पाऊस लागला की पाणी माझ्याच रानात तुंबतंय, पीक माझंच सडतंय..." बोलता बोलता त्याचा आवाज उतरला. रुमालाने तोंड पुसत म्हणाला, "पाणी तुंबतंय, हे मातर न्हाई म्हणता येत न्हाई." नानांनी मान हलवली. "हं... आता तुमचं सांगा." हे वाक्य कानावर पडलं की बाकड्यावरचा माणूस सैल व्हायचा. मग त्याने कितीही वेळ घेवो, नाना डोळे मिटून ऐकत राहायचे, मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत.

या नियमापायी कितीतरी अशिलं दुसऱ्या वकिलाकडे गेली. नानांचे कारकून कपाळाला हात लावायचे. आई म्हणायची, "ह्यांच्यापुढं डास उभा केला तर त्याचीबी बाजू ऐकून घेतील." आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घरातली भांडणंसुद्धा त्याच बाकड्यावर चालायची. सायकल एक आणि हक्क सांगणारे आम्ही दोघं. दादा माझ्याहून मोठा, तरी त्याला आधी माझं सांगावं लागायचं. "तिची शाळा लांब हाय, ऊन लागतंय..." असं तो दात-ओठ खात म्हणायचा, आणि सायकल मिळाली नाही तरी माझा निम्मा राग तिथेच निवळायचा.

वकिली सोडल्यावर नाना एकटेच त्या घरात राहायचे. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, शाळेत शिकवते. शाळा सुटली की डबा घेऊन जायचं, हा माझा नेम. उन्हाळ्यात ते न्हाणीत पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि दादा त्यांना लातूरला आपल्या घरी घेऊन गेला. पाचवा मजला. खिडकीतून समोरच्या इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत, दुसरं काही नाही. मी भेटायला गेले की नानांचा पहिला प्रश्न ठरलेला, "घर काय म्हणतंय?" शेवटच्या भेटीत त्यांनी माझा हात धरला. "मला घेऊन चल, माय. इथं मी काय करून राहिलो?" मी उसळले. म्हटलं, आजच दादाशी बोलते, त्याला काही कळतंच नाही. नाना म्हणाले, "आधी त्याचं सांग बरं."

मला इतका राग आला! मी म्हटलं, "नाना, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?" "मी वकिली सोडली, माय," एवढंच बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. ते आमचं शेवटचं बोलणं.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी दादाला म्हणाले, "तू नानांना परक्या घरात मारलंस." वहिनी आत गेल्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. आई नाही, नाना नाहीत, आणि जो एक उरला तोही आता तुटला, हे मला कळत होतं. पण फोन काही माझ्या हातून लागत नव्हता.

गेल्या रविवारी मी घर झाडायला गेले होते, तर दादा दारात उभा. हातात नानांची काठी आणि चष्मा. काठी त्याने जुन्या जागी, खुर्चीला टेकवून ठेवली, चष्मा खुर्चीच्या हातावर ठेवला आणि स्वतः बाकड्यावर बसला. खुर्चीवर बसवेना म्हणून मीही बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मग खुर्चीकडे बघतच तो म्हणाला, "ती म्हणते... नाना रोज घर मागत होते. याला ऐकू येत होतं, तरी यानं नेलं न्हाई. शेवटचे दिवस त्यांनी टाक्या मोजत काढले..."

आता माझी पाळी होती. लातूरला नानांसमोर जे मला सांगता आलं नव्हतं, ते सांगायचं होतं. मीही खुर्चीकडेच बघितलं. "तो म्हणतो... न्हाणीत पडले तेव्हा घरात कुणी नव्हतं. ती डबा घेऊन आली तोवर ते तसेच ओल्या फरशीवर पडून होते. ते पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं म्हणून तो रात्रभर त्यांच्या पलंगाशेजारी खाली सतरंजी टाकून झोपायचा. घरी नेलं असतं तर..."

मी थांबले. दादा रडत होता, मीही. आणि मग आम्ही दोघंही, लहानपणी बसायचो तसे, मांड्यांवर हात ठेवून, खुर्चीकडे बघत थांबून राहिलो. एकमेकांचं सांगून झालं होतं. आपापलं सगळं आत तसंच होतं. बाहेर भाजीवाली हाक देऊन पुढच्या गल्लीत गेली, तरी आम्ही बसूनच होतो. "हं... आता तुमचं सांगा," असं म्हणायला समोर कुणी नव्हतं.